एक काडतूस, दोन नळ्या

शस्त्रांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार तलवारीच्या पात्याविषयीं, तोफेच्या ओतकामाविषयीं व बंदुकीच्या चापाविषयीं पानेंच्या पानें लिहितात. पण बंदुकींत जें भरावयाचें, त्यास त्यांच्या ग्रंथांत बहुधा एखाद्या टीपेपुरतीच जागा मिळते. आपणां भारतवासीयांस तरी हा विषय परका वाटूं नये. १८५७ च्या जानेवारींत कलकत्त्यानजीक डमडम येथें एका खलाशानें ब्राह्मण शिपायाजवळ पाण्यासाठीं लोटा मागितला. शिपायानें तो नाकारला. तेव्हां, नव्या काडतुसांस गाईची व डुकराची चरबी लावितात, तुमची जात आतां किती दिवस टिकते तें पाहूं, असें खलाशानें त्यास ऐकविलें, ही कथा आपल्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. त्या वेळीं बंदूक कोणती होती हें फारच थोड्यांच्या लक्षांत राहिलें. काडतूस मात्र कोणी विसरलें नाहीं.

हा विषय आज काढण्यास एक निमित्त घडलें. आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत टेक्सास संस्थानांत नोकरीनिमित्त राहतो. त्याच्या शेजारचीं दोन घरें चोरट्यांनीं फोडलीं, तेव्हां त्यानें घरांत एक आखूड बंदूक आणून ठेविली. ती बंदूक खांद्यास लावून मारावयाची, पण तिला काडतूस लागतें तें पिस्तुलाचें. दुकानदारानें त्याच्यापुढें दहा तऱ्हेचीं काडतुसें मांडलीं, प्रत्येकाची थोरवी वर्णिली, आणि आमचा विद्यार्थी गोंधळून रिकाम्या हातानें घरीं परतला. ‘या प्रश्नासही कांहीं इतिहास असेल काय?’ असें त्यानें पत्रीं विचारलें. आमची शस्त्रविद्या पुस्तकी. आम्ही उभ्या आयुष्यांत चाप ओढला नाहीं. तथापि इतिहासाच्या बाजूनें पाहतां त्या दुकानांतील दहा पेट्यांमागें दीडशें वर्षांचे वाद उभे आहेत, असें आम्हांस दिसून आलें, व तेंच येथें मांडावें असा विचार केला.

ज्या हत्याराविषयीं हा प्रश्न आहे त्याचें नांव मराठीस नवें नाहीं. घोडेस्वारास घोड्यावरून वागवितां यावी अशी जी आखूड बंदूक, तिला आपल्या जुन्या भाषेंत कराबीन म्हणत. आज पोलिसांच्या तोंडीं तिचीच ‘कार्बाईन’ झाली आहे. मात्र पिस्तुलाचें काडतूस घेणारी कराबीन ही त्यांतली एक निराळी जात होय, आणि ती नांवारूपास आली अमेरिकेंत. १८७३ सालीं विंचेस्टर कंपनीनें आपली प्रसिद्ध बंदूक बाजारांत आणिली. तिच्या काडतुसांत ४० ग्रेन काळी दारू व २०० ग्रेन वजनाची शिशाची गोळी असे. नांवापुरता ०.४४ इंच व्यास आणि ४० ग्रेन दारू, यांवरून लोक त्यास ‘चव्वेचाळीस-चाळीस’ म्हणूं लागले. त्याच वर्षीं कोल्ट कंपनीचें लष्करी रिव्हॉल्व्हर निघालें होतें. पण त्याचें काडतूस वेगळें. पुढें १८७८ च्या सुमारास कोल्टनें तेंच रिव्हॉल्व्हर विंचेस्टरच्या काडतुसासाठीं करावयास आरंभ केला, आणि पश्चिमेकडील माळरानांवर राहणाऱ्या माणसाची मोठी सोय झाली. दुकान शेंकडों मैलांवर, वाटेंत पाऊस, नदी व चोर. अशा स्थितींत कमरेच्या एकाच पट्ट्यांतलीं काडतुसें लांब बंदुकीसही चालावीं व कमरेच्या हत्यारासही चालावीं, हें सुख कांहीं लहान नव्हे.

या काडतुसाच्या गोळीचें टोंक चपटें होतें, आणि त्याचें कारण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्या बंदुकीच्या नळीखालीं दुसरी एक नळी असे व तींत काडतुसें एकामागें एक आडवीं राहत. मागच्या काडतुसाचें टोंक पुढच्याच्या बुडावरील केपेस टेंकलेलें असे. टोंक अणकुचीदार असतें तर बंदुकीच्या हिसक्यासरशीं केप फुटून धन्याच्याच हातांत स्फोट होण्याचें भय. म्हणजे गोळीचा आकार ठरविला तो शत्रूच्या शरीराकडे पाहून नव्हे, तर बंदुकीच्या पोटाकडे पाहून. आजही नव्या तऱ्हेची गोळी घेणाऱ्यास पहिली परीक्षा हीच द्यावी लागते: ती या बंदुकींतून न अडखळतां जाते कीं नाहीं? आणीबाणीच्या वेळीं घशांत अडकलेली उत्तम गोळी ही साध्या गोळीहून वाईट.

काडतूस एक झालें, पण नळ्या दोन राहिल्या, ही गोष्ट मात्र पुष्कळ दिवस कोणाच्या फारशी डोळ्यांत भरली नाहीं. विंचेस्टरच्या कराबिनीची नळी २० इंच लांब. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरची साडेसात इंच, व कित्येकांची त्याहूनही आखूड. दारू जळून जो वायु होतो तो गोळीस नळीच्या तोंडापर्यंत ढकलीत असतो. नळी जितकी लांब तितका वेळ ही ढकल चालूं राहते. यामुळें लांब बंदुकींतून जी गोळी दर सेकंदास सुमारें १२०० फूट वेगानें निघे, तीच रिव्हॉल्व्हरांतून निघतांना दोनअडीचशें फुटांनीं मंदावे. शिशाची भरीव गोळी, काळी दारू, आणि समोर हरीण किंवा लांडगा. तोंवर या अंतराचें कोणास कांहीं वाटलें नाहीं. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली, १८९२ ची अधिक बळकट बंदूक आली, आणि पुढें तिच्याकरितां अधिक वेगाचीं काडतुसें निघालीं. हीं काडतुसें जुन्या बंदुकींत व रिव्हॉल्व्हरांत घालूं नयेत, अशी सूचना पेटीवर छापावी लागली. बाहेरून सारखीं दिसणारीं दोन काडतुसें आंतून सारखीं असतातच असें नाहीं, हा धडा व्यापाऱ्यानें गिऱ्हाइकास दिला तो येथें.

आतां आमच्या कथेस पुन्हा डमडम येथें यावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी फौजेच्या हातीं ०.३०३ इंच व्यासाची बंदूक आली. तिची गोळी बारीक, वेगवान व कठीण धातूच्या वेष्टनानें पूर्ण झांकलेली होती. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत तक्रार उठली कीं, ही गोळी माणसाच्या अंगांतून आरपार जाते, पण तो पडत नाहीं. यावर डमडमच्या कारखान्याचे अधिकारी कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनीं उपाय काढला तो असा कीं, वेष्टनाचें टोंक किंचित् उघडें ठेवून आंतलें मऊ शिसें दिसूं द्यावें, म्हणजे अंगांत शिरतांच तें पसरेल. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेंत ती गोळी वापरली गेली, आणि ‘डमडम’ हें एका बंगाली खेड्याचें नांव जगांतील सर्व भाषांत शिव्यागत रूढ झालें. चाळीस वर्षांत एकाच गांवानें काडतुसापायीं दोनदां इतिहासांत शिरावें, हा योगायोग विलक्षणच म्हणावयाचा.

१८९९ सालीं हेग येथें राष्ट्रांची परिषद भरली. तेथें या गोळीवर जो खल झाला तो विचार करण्यासारखा आहे. विरोधकांच्या हातीं जर्मनींतील ट्यूबिंगेनचे शस्त्रवैद्य प्रोफेसर ब्रुन्स यांच्या प्रयोगांचा पुरावा होता. पण त्यांनीं ज्या गोळ्यांवर प्रयोग केले त्या डमडमच्या नव्हत्या. त्या शिकारी गोळ्या होत्या व त्यांचें शिसें कितीतरी अधिक उघडें होतें. इंग्रजांचे प्रतिनिधि सर जॉन आर्डा यांनीं ही चूक नेमकी दाखविली, व येथवर ते बरोबर होते. परंतु पुढें त्यांनीं जें समर्थन केलें तें वाचून आजही आपल्या मस्तकाची शीर उठते. सुधारलेल्या देशाचा शिपाई जखमी झाला म्हणजे थांबतो. रानटी व धर्मवेडा शत्रु थांबत नाहीं. यास्तव त्याच्याकरितां वेगळी गोळी हवी, असा त्यांचा आशय होता. गोळीचा प्रश्न पदार्थविज्ञानाचा होता तोंपर्यंत सर आर्डा शास्त्रज्ञासारखे बोलले. तो माणसांचा झाल्याबरोबर त्यांनीं माणसांच्या दोन जाती केल्या. अमेरिकेचे कॅप्टन क्रोझियर यांनीं सुचविलें कीं, गोळीच्या बांधणीची बंदी न घालतां, माणसास जायबंदी करण्यास लागते त्याहून अधिक क्रूर जखम करणाऱ्या गोळ्यांची बंदी घाला. ही सूचना टिकली नाहीं. इंग्लंड व अमेरिका यांच्या विरोधास न जुमानतां २९ जुलै १८९९ रोजीं शरीरांत सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आली. इंग्लंडनें १९०७ सालीं तिला मान्यता दिली.

ज्या अमेरिकेचा प्रतिनिधि हेग येथें इतका सावधपणें बोलला, तिलाच लौकर फिलिपाईन्स बेटांत त्याच अडचणीस तोंड द्यावें लागलें. तेथील मोरो योद्ध्यांपुढें ०.३८ इंचाचें लष्करी रिव्हॉल्व्हर अपुरें पडतें अशी ओरड झाली, म्हणून १९०४ सालीं कॅप्टन जॉन थॉम्प्सन व लष्करी वैद्य मेजर लुई लागार्ड यांच्याकडे परीक्षेचें काम सोंपविण्यांत आलें. शिकागोच्या कत्तलखान्याच्या आवारांत जिवंत गुरांवर व इतरत्र टांगलेल्या प्रेतांवर त्यांनीं वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. प्रेत किती हेलकावलें, बैल किती गोळ्यांनीं बसला, यांची टिपणें केलीं, आणि निर्णय दिला कीं पिस्तुलाचा व्यास ०.४५ इंचाहून कमी नसावा. आजच्या शास्त्रास ही परीक्षा मुळींच पटत नाहीं. जनावरें मोजकीं, गोळ्या लागल्या त्या जागा भिन्न, आणि प्रेताचा झोंका हें तर जखमेचें माप नव्हेच. तरी त्यांतून १९११ चें ०.४५ चें पिस्तूल निघालें, आणि पुढें सेनापति झालेल्या याच थॉम्प्सन यांच्या कंपनीनें १९२१ सालीं तेंच काडतूस लांब नळीच्या स्वयंचलित बंदुकींत घालून ती जगापुढें आणिली. त्या अहवालांत आणखी एक गोष्ट होती ती बहुतेकांनीं वाचलीच नाहीं. मर्मावर बसल्यावांचून कोणतीही पिस्तुलाची गोळी भरंवशाची नाहीं, म्हणून शिपायास नेमबाजीचा अखंड सराव द्यावा, असें परीक्षकांनीं लिहून ठेविलें होतें. लोकांनीं व्यासाचा आंकडा उचलला व सरावाची शिफारस टाकून दिली.

या नंतरचीं ऐंशी वर्षें ‘मोठी व मंद’ गोळी बरी कीं ‘हलकी व वेगवान’ बरी, या भांडणांत गेलीं. १९६० नंतर अमेरिकेंतील पोलिसांत पोकळ टोंकाच्या हलक्या गोळ्यांचा प्रसार झाला. अंगांत शिरतांच पोकळीच्या कडा फुलासारख्या उमलतात, गोळी रुंद होते व लौकर थांबते, अशी त्यांची रचना. ११ एप्रिल १९८६ रोजीं मियामी शहरांत मध्यवर्ती गुप्तपोलिसांच्या आठ अंमलदारांची दोन दरोडेखोरांशीं गांठ पडली. आरंभींच एका अंमलदाराची ९ मिलिमीटरची ११५ ग्रेन गोळी एका दरोडेखोराच्या दंडांतून छातींत शिरली, ठरल्याप्रमाणें फुलली, आणि हृदयापासून सुमारें एक इंचावर थांबली. जखम जीवघेणी होती, पण ताबडतोब पाडणारी नव्हती. तो मनुष्य त्यानंतरही लढत राहिला. शेवटीं दोघेही दरोडेखोर मारले गेले, परंतु दोन अंमलदार प्राणांस मुकले व पांच जखमी झाले. सर्वांनीं त्या गोळीस दोष दिला. वस्तुतः तिनें आपल्या कर्त्याची आज्ञा अक्षरशः पाळली होती; लौकर फुलावें व लौकर थांबावें असेंच तिला सांगितलें होतें.

या अनर्थांतून एक चांगली गोष्ट निघाली. अमेरिकन लष्करांतील शस्त्रवैद्य कर्नल मार्टिन फॅक्लर यांनीं पूर्वींच असें प्रतिपादन केलें होतें कीं, पिस्तुलाच्या वेगाची गोळी ‘धक्क्यानें’ किंवा ‘शक्तीनें’ माणसास पाडीत नाहीं. ती जेवढें भोंक पाडते व जेथवर तें नेते, तेवढीच तिची करामत. त्यांनीं बसविलेल्या पद्धतीस अनुसरून दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या झाडून पाहूं लागले. गोळी निदान १२ इंच शिरावी, १८ इंचांपलीकडे जाऊं नये, आणि जाड कपडे, पत्रा, लांकूड, घरांच्या भिंतींच्या फळ्या व मोटारीची कांच यांतून गेल्यावरही तिनें हें प्रमाण राखावें, असा दंडक ठरला. बैल गेले, प्रेतें गेलीं, ‘रानटी शत्रु’ गेला. त्या जागीं जिलेटिनचा एक निर्विकार ठोकळा आला. त्यास ना जात, ना धर्मवेड. या लहानशा फेरबदलास आम्ही मोठी सुधारणा समजतों.

पण हा दंडक बसविला तो पिस्तुलाच्या नळीवर, आणि येथेंच आमच्या विद्यार्थ्याची अडचण सुरू होते. अमेरिकेंत १९३४ पासून आखूड नळीच्या बंदुकांवर सरकारी निर्बंध आहेत. यामुळें घरगुती कराबिनीची नळी सामान्यतः १६ इंच असते, पिस्तुलाची चारपांच. एवढ्या लांब नळींतून ९ मिलिमीटरची ११५ ग्रेन गोळी पिस्तुलापेक्षां दर सेकंदास दीडदोनशें फूट अधिक वेगानें निघते, १४७ ग्रेनची जड गोळी पन्नास ते शंभर फुटांपलीकडे फारशी वाढत नाहीं, ०.४५ ची वाढही अशीच बेताची. उलट १९३५ सालीं निघालेल्या ०.३५७ मॅग्नम काडतुसांत मंद जळणारी दारू पुष्कळ असल्यामुळें त्याची हलकी गोळी चारपांचशें फुटांनीं वाढते. वाढलेला वेग हा निव्वळ लाभ, असें दुकानदार सांगतो. इतिहास सांगतो कीं तसें नाहीं. पिस्तुलाच्या वेगास फुलण्यासाठीं घडविलेली गोळी अधिक वेगानें गेली तर ती वेळेपूर्वींच उमलते, कधीं तिचे तुकडे होतात, व मर्मापर्यंत पोंचण्याआधींच तिचा जोर संपतो. म्हणजे अधिक वेगाच्या मोहानें मनुष्य मियामीच्या चुकीकडेच परत जातो. यास्तव कराबिनींत बहुधा ती गोळी बरी, जी वजनानें जड आहे, जिचें वेष्टन शिशास घट्ट जोडलेलें आहे, आणि जिचा वेग लांब नळींतही तिच्या घडणीच्या मर्यादेबाहेर जात नाहीं. किंवा मग ती, जी कारखानदारानें लांब नळी ध्यानांत घेऊनच बनविली आहे. गोळीची परीक्षा ज्या नळींतून ती जावयाची त्याच नळींतून व्हावयास पाहिजे. दुसऱ्या नळीचें प्रशस्तिपत्र येथें चालत नाहीं.

येथवर हा प्रश्न यंत्राचा झाला. त्याची दुसरी बाजू १९९८ या एकाच वर्षांत फार स्पष्ट दिसते. त्या वर्षीं रोम येथें आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची सनद संमत झाली व तींत शरीरांत पसरणाऱ्या गोळीचा युद्धांतील उपयोग हा गुन्हा म्हणून नमूद झाला; आणि त्याच वर्षीं न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनीं पूर्ण वेष्टनाच्या गोळ्या सोडून पोकळ टोंकाच्या गोळ्या घेण्याचें ठरविलें. युद्धांत जी गोळी अमानुष, तीच शहरांत योग्य, हें कसें? वरवर पाहणारा यास ढोंग म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. रणांगणावर गोळीच्या पुढें जो उभा असतो त्याची कींव करून हेगचा नियम झाला. शहरांत गोळीच्या पुढें असलेल्या माणसाच्या मागें आणखी कोणी उभें असतें, त्याची चिंता करून न्यूयॉर्कचा निर्णय झाला. आरपार जाणारी गोळी मागच्या निरपराध्यास लागते, अंगांत थांबणारी लागत नाहीं. दोन्हीं ठिकाणीं विचार एकच: जेवढी इजा अटळ तेवढीच व्हावी, आणि ज्याच्यावर ती व्हावयाची नाहीं त्याच्यावर होऊं नये. सर आर्डा यांनीं विचारलें होतें, ‘समोर कोण आहे?’ न्यूयॉर्कच्या पोलिसांनीं विचारलें, ‘मागें कोण आहे?’ शंभर वर्षांत प्रश्न बदलला, हें आम्ही या इतिहासाचें फळ समजतों.

आमच्या विद्यार्थ्यास आम्ही जें उत्तर लिहिलें त्यांत कोणत्याही काडतुसाचें नांव नव्हतें. त्यास इतकेंच कळविलें कीं, तुझ्या बंदुकीच्या नळीच्या लांबीनें झालेल्या जिलेटिनच्या परीक्षा पाहा. वेगाच्या आंकड्यास भुलूं नको. जी निवडशील तिच्या निदान दोनएकशें गोळ्या आपल्याच बंदुकींतून झाडून ती अडखळत नाहीं याची खात्री करून घे. आणि सराव सोडूं नको, कारण १९०४ चे परीक्षक निदान त्या एका बाबतींत चुकले नव्हते. त्याखालीं एक प्रश्न लिहिला: तुझ्या घराच्या भिंती कशाच्या आहेत?

त्याचें उत्तर आठ दिवसांनीं आलें. तिकडील घरांच्या आंतल्या भिंती आपल्याकडील विटांच्या भिंतींसारख्या नसतात. लांकडी चौकटीवर दोन्हीं बाजूंनीं अर्धा इंच जाडीची खडूसारख्या भुकटीची फळी ठोकलेली, मधें पोकळी. अशा भिंतींतून पिस्तुलाची कोणतीही गोळी सहज पार होते; इतकेंच नव्हे, तर पोकळ टोंकांत ती भुकटी ठासून बसली म्हणजे गोळी फुलण्याचें विसरते व भरीव गोळीसारखी पुढें जाते. हें त्यास ठाऊक नव्हतें. तो लिहितो: जिन्याच्या तोंडाशीं उभें राहून दाराकडे नेम धरला, तर दाराच्या डावीकडील भिंतीमागें मुलीचा पलंग येतो. त्यानें त्या दिवशीं पलंग दुसऱ्या बाजूस हलविला, स्वतः उभें राहण्याची जागा बदलली, आणि मगच तो दुकानांत गेला. कोणतें काडतूस आणिलें तें त्यानें पत्रांत कळविलें नाहीं, व आम्हीही पुन्हा विचारलें नाहीं.